गाण्याची वही : मुखडा बसला, अंतरा अडलाय

या महिन्यात मुक्तछंद बंद. मोठ्या अभंगाचा साचा घेतला: सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. सुचेल म्हणून वाट बघत बसलं की वही कोरीच राहते, पण अक्षरं मोजायला बसलं की काहीतरी हाताला लागतंच.

विषय साधा, पावसातली एसटी. पहिल्यांदा आलं 'खिडकीच्या काचेवर'. आठ अक्षरं झाली, म्हणून 'वर' उडवलं. उरलं 'खिडकीच्या काचे', आणि ओळ एकदम जुन्या वळणाची वाटायला लागली. मग पुढचं सरळ आलं:

खिडकीच्या काचे, थेंबांची ही रांग
कुणीकडे सांग, निघालेली

'थेंबांची ही रांग' हे मी मुद्दाम शोधायला गेलो असतो तर सापडलं नसतं. यमकाने ओढून आणलं.

चाल लावताना आधी दादरा ताल धरला. सहा मात्रा, सहा अक्षरं, हिशेब चोख. पण गाताना पाढे म्हटल्यासारखं वाटत होतं. भजनी ठेक्यात आठ, म्हणजे दोन मात्रा जास्त मिळतात, त्यामुळे 'काचे'वर थांबता येतं, श्वास घेता येतो. हार्मोनियमवर काळी एक या पट्टीत मुखडा, म्हणजे या सुरुवातीच्या ओळी, फोनवर टिपून ठेवलाय. आवाजाकडे दुर्लक्ष करा.

अंतरा, म्हणजे पुढचं कडवं, मात्र हलेना. तेव्हा जात्यावरच्या ओव्या वाचायला घेतल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्यात. त्यात एक युक्ती दिसते: 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवात ठरलेली, पुढे कुणाला वाहायची तेवढं बदलायचं. दळण तर संपवायचंच असतं, मूड असो वा नसो. मीही भांडी घासताना 'खिडकीच्या काचे' एवढंच धरून पुढे येईल ते म्हणत जातो. बहुतेक टाकाऊच, पण 'कंडक्टरची घंटी' त्यातूनच मिळाली. सात अक्षरं आहेत, एक कुठून काढू?

राहता राहिला नेटाने लिहीत राहण्याचा प्रश्न. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर दर आठवड्याला गीतरामायणाचं नवं गाणं जायचं. गदिमांचे (ग. दि. माडगूळकर) शब्द, बाबूजींची (सुधीर फडके) चाल, एकूण ५६ गाणी. ती प्रतिभा आपल्याकडे नाही हे मान्य, पण ठरलेला वार तर उसना घेता येतो! म्हणून एका मित्राशी ठरवलंय, रविवारी रात्री जे असेल ते, अर्धंमुर्धं का होईना, गाऊन पाठवायचं. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही आणि तो प्रत्येक वेळी नुसतं 'बरं' म्हणतो. उलट तेच सोयीचं आहे. जाणकाराला पाठवायचं म्हटलं असतं तर मी अजून पहिलीच ओळ घासत बसलो असतो.

या रविवारी घंटीचं कडवं जाणार. 'घंटी'ला यमक म्हणून 'बंटी' सोडून काही असेल तर कळवा.