क्रॉसच्या ‘लेझ् ईल दॉर’ची छोटी प्रत: समुद्र झाला, वाळू बाकी

समुद्राचा पट्टा पूर्ण झाला, आणि आता लांबून बघितलं की पाणी खरंच आडवं पसरलेलं दिसतं. फार समाधान वाटतंय.

फ्रेंच चित्रकार आँरी-एदमाँ क्रॉसने ‘लेझ् ईल दॉर’ (‘सोन्याची बेटं’) हे चित्र १८९१-९२ मध्ये केलं. दक्षिण फ्रान्समधल्या येरच्या बेटांचं हे दृश्य आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. खाली वाळू, मग पाणी, क्षितिजाशी बेटांची निळसर पट्टी, वर आकाश. होडी नाही, झाड नाही, माणूस नाही. मागे जाणारी एक रेषासुद्धा नाही. पुढचे ठिपके मोठे आणि सुटे, मागचे बारीक होत गेलेले, तेवढ्यावर चित्रातला दूर-जवळचा सगळा भास उभा आहे. नवप्रभाववादात, म्हणजे शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून रंगवण्याच्या शैलीत, इतकं धाडसी निसर्गचित्र मला तरी दुसरं दिसत नाही.

मूळ चित्र साधारण ६० बाय ५५ सेंटिमीटर. माझी फळी २० बाय १८ची, जेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा अस्तर-थर) लावून घासलेली. आकार एक तृतीयांश झाला म्हणून ठिपकाही तेवढाच बारीक केला, तर सगळं पीठ पेरल्यासारखं दिसेल. म्हणून ठिपक्यांची संख्या कमी केली, पण पुढच्या-मागच्या ठिपक्यांमधला फरक तसाच ठेवला. पुढे दोन नंबरचा गोल ब्रश, क्षितिजाशी तीन शून्याचा.

पाण्यासाठी कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन आणि व्हिरिडियन, प्रत्येकात पांढरा. निळे-पिवळे ठिपके शेजारी ठेवून हिरवा मिळत नाही, लांबून राखाडीच दिसतो. हिरवा हवा तर तो ट्यूबमधलाच घ्यावा लागतो. मधल्या फटींत फिकट नारिंगी टिपला आणि निळा लगेच उठला. विरोधी रंग शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात, हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरलने १८३९ मध्ये मांडलेला नियम असा ब्रशच्या टोकाशी बघायला मिळतो.

रंग आधी टिपकागदावर काढून तेल उतरवून घेतो, त्यामुळे ठिपका पसरत नाही. खालचा थर बोटाला लागेनासा झाल्याशिवाय वरचा देत नाही.

आता वाळू. ठिपक्यांच्या या शैलीचा प्रवर्तक जॉर्ज सरा याच्या ‘ग्रांद जात’ या चित्रातला झिंक यलो काळवंडून मातकट झाला, त्यामुळे तो घेणार नाही, कॅडमियम लेमन काढून ठेवलाय. पिवळ्यात जांभळे ठिपके किती टाकावेत, हे आधी जेसो लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर करून बघतो. कुणी वाळू अशी केली असेल तर प्रमाण जरूर सांगा.