इस्त्री गेटवरच राहते

"अहो, पैठणी आणली आणि इस्त्री काढून घेतली!" क्रूझच्या बोर्डिंगच्या रांगेत एक काकू जाम वैतागल्या होत्या.

काढून घेणारच. आगीच्या भीतीने बहुतेक क्रूझवर प्रवाशाची इस्त्री चालत नाही, कपड्यांना वाफ देणारा छोटा स्टीमरसुद्धा नाही.

मग सल्ला मिळतो, बाथरूममध्ये गरम शॉवर सोडा आणि साडी वाफेवर लटकवा. सुती शर्टाला ठीक आहे हो. रेशमावर थेंब उडाला की डाग बसतो, आणि केबिनचं बाथरूम एवढंसं! त्यापेक्षा घरूनच कडक इस्त्री करून, सुती पंच्यात गुंडाळी करून न्यावी. घडी घातली की मोड पडलीच. क्रेप किंवा जॉर्जेट नेलीत तर प्रश्नच मिटला.

सात रात्रींच्या सफरीत फॉर्मल रात्री, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या, साधारण दोन. पहिली बऱ्याचदा दुसऱ्याच संध्याकाळी, म्हणून ते कपडे बॅगेत वरच ठेवा. जहाज डुलतं, त्यामुळे पेन्सिल हील नको. डेकवर फोटो काढायचे तर पदराला दोन पिना जास्तच लावा, वारा कुणाचं ऐकत नाही.

पुरुषांचं सोपं. क्यूनार्ड या क्रूझ कंपनीची फॉर्मल रात्र, म्हणजे गाला नाइट, कडक असते, डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतो. पण आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही तिथे चालतो. म्हणजे गडद बंदगळा घातला की टायची कटकट नाही. आणि एवढं नटायचंच नसेल तर बुफे उघडा असतोच.

तुमच्याकडे बंदगळ्यावर भागतं, की सूटच हवा असतो?