केशरी रेशनकार्ड आहे, मग धान्य का मिळत नाही?

तहसीलच्या पुरवठा शाखेत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कार्ड आहे, घरातल्या सगळ्यांची नावं त्यावर आहेत, तरी दुकानदार म्हणतो, "तुमचं धान्य लागलेलं नाही." बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. रेशनकार्ड निघणं वेगळं आणि राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत कुटुंब बसणं वेगळं. लोक पहिलं काम करून थांबतात आणि दुसरं आपोआप होईल असं धरून चालतात. ते आपोआप होत नाही.

हा घोळ रंगांमुळे झाला. महाराष्ट्रात 1999 पासून तिरंगी कार्डं आहेत. वर्षाचं उत्पन्न 15,000 पर्यंत असलं तर पिवळं, त्यावर 1 लाखापर्यंत केशरी, पुढे पांढरं. मग 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि 1 फेब्रुवारी 2014 पासून राज्यात लागू झाला. त्यानं लाभार्थ्यांचे दोनच गट मानले, अंत्योदय (सगळ्यात गरीब घरं) आणि प्राधान्य कुटुंब. पण जुने रंग तसेच राहिले. त्यामुळे आज एकाच चाळीत दोन केशरी कार्डं असतात. एकावर 'प्राधान्य कुटुंब'चा शिक्का असतो आणि धान्य मिळतं, दुसऱ्यावर शिक्का नसतो आणि काहीच मिळत नाही. कार्डाचा रंग बघून भांडायला जाऊ नका, शिक्का बघा. आणि शिक्का असला तरी शेवटी चालतं ते दुकानातल्या ईपॉस मशीनमध्ये (अंगठा घेऊन धान्याची नोंद करणाऱ्या) दिसणारं नाव.

अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्यला माणशी 5 किलो. दुकानदार माणसाला 'युनिट' म्हणतो. म्हणजे सात युनिटला दोन्ही सारखेच, आणि आठ जणांचं कुटुंब प्राधान्यमध्ये असलं तर त्याला 40 किलो बसतात. 'अंत्योदयच पाहिजे' असा हट्ट धरणाऱ्या मोठ्या कुटुंबांनी हा हिशेब आधी करावा. तांदूळ किती आणि गहू किती हे जिल्ह्याप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतं, मध्येच गव्हाऐवजी ज्वारीही येते. एकूण वजन मात्र कमी होता कामा नये. पूर्वी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. जानेवारी 2023 पासून दोन्ही गटांना धान्य फुकट आहे. अंत्योदयला 1 किलो साखर 20 रुपयांत असते, तेवढेच पैसे द्यायचे. वाहतूक, हमाली, 'मशीनचा खर्च' असलं काही मागितलं तर ते बेकायदा.

प्राधान्यसाठी कायदा लागू करताना ठरलेली उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला 44,000 आणि शहरात 59,000 रुपये. ही मर्यादा आता हास्यास्पद वाटते. घरातल्या एकाच माणसानं 300 रुपये हजेरीनं वर्षाला दीडशे दिवस काम केलं तरी 45,000 होतात. कागदावर हे कुटुंब बाहेर. खरी गरज असलेली किती घरं या आकड्यापाशी अडकतात, हे कुठल्याही तलाठ्याला विचारा. तरीही अर्जात उत्पन्न खरंच लिहा. अर्जासोबत हमीपत्रावर सही असते, आणि अपात्र कार्डांच्या शोधमोहिमेत खोटं सापडलं तर कार्ड जातंच, वर वसुली आणि कारवाईही मागे लागू शकते.

आता खरी अडचण. पात्र असूनही नाव न लागण्याचं कारण बहुधा 'इष्टांक' असतं. राज्याला किती लोकांना लाभ देता येईल याची संख्या केंद्रानं ठरवून दिली आहे: ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के आणि शहरी 45.34 टक्के, मिळून साधारण 7 कोटी. टक्केवारी 2011 च्या जनगणनेवर मोजलेली. तेव्हापासून लोकसंख्या वाढली, इष्टांक वाढला नाही. हीच संख्या पुढे जिल्ह्याला, तालुक्याला वाटून दिलेली असते. तालुक्याचा इष्टांक भरला असेल तर तहसीलदारानं मनात आणूनही नवं नाव लागत नाही; कुणी मयत झालं, लग्न होऊन गेलं, कायमचं गाव सोडलं, अपात्र ठरलं की जागा सुटते. म्हणून "दोन हजार द्या, धान्य सुरू करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एवढंच विचारावं की इष्टांक कुठून आणणार. कार्ड तो काढून देईलही. ते तुम्हीही काढू शकता.

खिडकीवर जाण्याआधी आपली सध्याची नोंद काय आहे ते बघून घ्या. कार्डावर 12 अंकी क्रमांक असतो, 27 नं सुरू होणारा. नसेल तर दुकानदार सांगतो. महाराष्ट्राच्या ईपॉस संकेतस्थळावर 'आरसी डिटेल्स'मध्ये तो टाकला की कार्ड कोणत्या योजनेत आहे, किती युनिट आहेत आणि मागच्या महिन्यांत काय उचललं ते दिसतं. 'मेरा राशन' ॲपमध्येही हीच माहिती मिळते. योजनेच्या रकान्यात पीएचएच असेल तर तुम्ही प्राधान्यमध्ये आहात, एएवाय म्हणजे अंत्योदय. यादीत नाव असून दुकानदार नाही म्हणत असेल तर तुमचं काम अर्जाचं नाही, तक्रारीचं आहे. कधी कधी याच पानावर भलताच प्रकार दिसतो: धान्य दर महिन्याला 'उचललेलं' असतं आणि घरात आलेलं नसतं. त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा.

कार्डच नसेल तर नमुना 1 चा अर्ज. नाव वाढवायला नमुना 8, कमी करायला नमुना 9, कार्ड हरवलं किंवा फाटलं तर दुय्यम प्रतीसाठी नमुना 15. अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबई-ठाण्याकडे शिधावाटप कार्यालयात, किंवा महाफूडच्या (राज्याच्या अन्न पुरवठा विभागाच्या) आरसीएमएस या रेशनकार्ड पोर्टलवर. कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या 18 वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव लावायचं, हे कायद्यातच आहे. फोटो तिचा, बँक पासबुक तिचं. पासबुक नवऱ्याचं जोडलं म्हणून परत आलेल्या अर्जांचा गठ्ठा कुठल्याही कार्यालयात सापडेल.

जोडायचे कागद: सगळ्यांच्या आधारच्या प्रती, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राहत्या पत्त्याचा अलीकडचा पुरावा, गॅस जोडणी असल्यास तिचं पुस्तक, हमीपत्र. भाड्याच्या घरात वीजबिल मालकाच्या नावाचं असतं. अशा वेळी भाडेकरार, तो नसेल तर मालकाचं संमतिपत्र आणि त्याच्या वीजबिलाची प्रत. संमतिपत्र द्यायला मालक घाबरतो, भाडेकरू घर बळकावेल म्हणून. त्याला सांगा की नियमाप्रमाणे रेशनकार्ड हा रहिवासाचा पुरावा धरला जात नाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते आधीच्या कार्डावरून नाव कमी केल्याच्या दाखल्यापाशी. एक माणूस एकाच कार्डावर असू शकतो, आणि आधार जोडलेलं असल्यामुळे दुसरीकडे नाव टाकायला गेलं की संगणक अडवतो. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर असतं. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात, भाऊ म्हणतो "पुढच्या महिन्यात बघू", कारण तिचे 5 किलो तिथं चालू असतात. हा दाखला आधी आणा, बाकीचे कागद मग गोळा करा. कुठल्याच कार्डावर नाव नसेल तर तसं स्वयंघोषणापत्र द्यावं लागतं. बाळासाठी जन्मदाखला आणि आधार. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारवर बोटांचे ठसे नसतात, म्हणून पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करून घ्यावे लागतात, नाहीतर पुढे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, अडकते.

भाऊ-भाऊ वेगळे होताना तर फार जपून. एकत्र कार्ड प्राधान्यचं आहे म्हणून फोडलेलं नवं कार्डही प्राधान्यचंच निघेल, असं नाही. जुन्या कार्डावरची युनिट कमी होतात, नवं केशरी कार्ड बिनशिक्क्याचं हातात येतं आणि धान्य दोन्हीकडून जातं. विभक्त कार्डाच्या अर्जातच एक ओळ लिहा: "मूळ शिधापत्रिकेवर आमची इतकी युनिट प्राधान्य कुटुंब योजनेत समाविष्ट असून नवीन शिधापत्रिकेवर ती त्याच योजनेत कायम ठेवावीत." आणि तसं होणार आहे का, हे कारकुनाला विचारल्याशिवाय नावं कमी करायचा अर्ज देऊ नका.

कार्ड आधीच केशरी आहे, फक्त शिक्का हवा, त्यांनी साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे 'प्राधान्य कुटुंब योजनेत समावेशाबाबत' अर्ज करावा, सोबत कार्डाची प्रत, आधार आणि उत्पन्नाचा दाखला. दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. "इष्टांक नाही" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. तोंडी नकारावर अपील होत नाही. माहिती अधिकारात तालुक्याचा मंजूर इष्टांक किती, भरलेला किती, आणि प्रलंबित अर्ज कोणत्या क्रमानं घेतले जातात, हे तीन प्रश्न विचारता येतात. नुसती आवक होऊन पडून राहिलेल्या अर्जाला या प्रश्नांनी बऱ्याचदा पाय फुटतात. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचायला लावणं हाही एक मार्ग, कारण गावात कोण मयत आहे आणि कोण पुण्यात फ्लॅट घेऊन राहतो हे गावालाच ठाऊक असतं.

विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी, निराधार वृद्ध, भूमिहीन मजूर आणि कातकरी, कोलाम, माडिया गोंड या जमातींची कुटुंबं अंत्योदयच्या निकषांत आधी येतात. त्यांनी अर्जात तसा स्पष्ट उल्लेख करून त्याचा दाखला जोडावा. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा मिळून 14 जिल्ह्यांतल्या बिनशिक्क्याच्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना धान्याऐवजी बँकेत पैसे मिळतात, 2023 मध्ये माणशी महिना 150 रुपयांनी सुरू झालेले. तेही कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर, म्हणून तिचं खातं आधारला जोडलेलं हवं.

मंजुरी आली तरी त्याच महिन्यात धान्य मिळेल असं धरू नका. दुकानाचं नियतन, म्हणजे महिन्याचा कोटा, आधी ठरतं, म्हणून नवं नाव साधारण पुढच्या महिन्यात लागतं. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी. ती दुकानातल्या मशीनवर अंगठा देऊन फुकट होते, नाहीतर 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून. बाहेरगावी असलेल्या मुलानं तिथल्याच दुकानात केली तरी चालते. 'आधार जुळत नाही' असं आलं तर आधी घरातल्या दोघांचे आधार क्रमांक एकमेकांच्या नावापुढे पडलेत का ते पाहा. माय-लेकींचे, जावा-जावांचे असे अदलाबदल झालेले क्रमांक नेहमी सापडतात, आणि ते दुरुस्त दुकानात होत नाहीत, पुरवठा शाखेत होतात.

अंगठाच उठत नसेल, आणि गवंडीकाम, ऊसतोड, धुणीभांडी करणाऱ्यांचा तो उठत नाहीच, तर ओल्या फडक्यानं हात पुसून, कोरडा करून दुसरं बोट लावून बघा. घरातल्या कुणाही एकाचा ठसा लागला तरी सगळ्या घराचं धान्य मिळतं, म्हणून म्हाताऱ्या आजीला दर महिन्याला रांगेत उभं करायची गरज नाही. घरात एकटंच म्हातारं माणूस असेल तर तहसीलच्या मंजुरीनं नॉमिनी, म्हणजे त्याच्या वतीनं धान्य उचलणारा माणूस, लावता येतो.

हंगामाला बाहेर जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. बीडहून कोल्हापूरला ऊसतोडीला गेलेलं जोडपं तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात याच कार्डावर आपला वाटा उचलू शकतं, आणि गावी राहिलेल्या सासूबाई उरलेला. कार्ड बदलायचं नाही, अर्ज करायचा नाही, 12 अंकी क्रमांक आणि अंगठा पुरे. न उचललेलं धान्य पुढच्या महिन्यात मिळत नाही. आणि सलग सहा महिने काहीच उचललं नाही तर कार्ड निष्क्रिय करून चौकशी लावायची तरतूद 2025 मध्ये आली आहे.

दुकानात मशीनमधून निघणारी पावती मागून घ्या. तिच्यावर किती युनिट, गहू किती, तांदूळ किती हे छापलेलं असतं. पाच युनिटच्या घराला 25 किलो यायला हवेत, 23 मापून "घट आली" म्हणाले तर पिशवी तिथल्याच काट्यावर पुन्हा ठेवायला सांगा. पोत्यातली घट तुमच्या वाट्यातून जात नाही. तक्रार 1967 किंवा 1800-22-4950 वर करा आणि तक्रार क्रमांक पावतीच्या मागे लिहून ठेवा. त्यावर काही झालं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, त्याच्यावर राज्य अन्न आयोग. अर्जात "दुकानदार कमी देतो" एवढंच नको. कोणत्या महिन्याचं, किती तारखेला, पावतीवर किती, हातात किती, एवढं लिहा आणि पावतीची प्रत जोडा. मूळ पावती घरीच ठेवा.