सुई कुठली होती?

नाशकात रेकॉर्डी जमवणारी दोन माणसं भेटली, की चहा येण्याआधी मतं येऊन जातात. अमीर खाँसाहेबांचा मारवा राग शेवटी शेवटी कर्कश होतो म्हणे. किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागामागे कुणीतरी भजी तळतंय असं वाटतं. बापूराव पलुसकर फारच थोडकं गातात. बोलणाऱ्याला वाटतं, आपण गायकाविषयी बोलतोय. ऐकणाऱ्याने मात्र आधी विचारावं, ‘सुई कुठली होती?’ आणि उत्तर येईपर्यंत मान डोलवू नये.

मारव्याचंच घ्या. 1960 ची ही एलपी, म्हणजे मोठी विनाइल तबकडी, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे फिरते. सुई कडेला असते तेव्हा तिच्याखालून सेकंदाला साधारण पन्नास सेंटिमीटर खाच सरकते. बाजू संपत आली, लेबल जवळ आलं, की तीच खाच सेकंदाला जेमतेम एकवीस-बावीस सेंटिमीटर उरते. म्हणजे तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. आता ख्यालाची मांडणी आठवा. कडेच्या ऐसपैस जागेत संथ आलाप, आणि द्रुत, तिन्ही सप्तकांतल्या ताना, तबल्याचा जोर हे सगळं आतल्या चिंचोळ्या गल्लीत. पाश्चात्त्य तंत्रज्ञांनी ही तबकडी बनवताना आपल्या बड्या ख्यालाला विचारलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. खाँसाहेबांचा गळा शेवटपर्यंत जागेवर असतो, घसरते ती सुई.

यावर इलाज आहे. गोल टोकाच्या सुईऐवजी लंबगोल टोकाची बसवली, की आतल्या खाचांतली चिरचिर बरीच कमी होते. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली छोटी डबी, टोनआर्मला, म्हणजे प्लेअरच्या दांड्याला, दोन बारीक स्क्रूंनी धरलेलं असतं. ते ढिले करून कागदी प्रोट्रॅक्टरवरच्या (सुईचा कोन जुळवायच्या छापील तक्त्यावरच्या) दोन्ही बिंदूंवर सुई रेघांना समांतर बसेल असं सरकवायचं. प्रोट्रॅक्टर छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय काढून टाकावा, नाहीतर माप चुकतं आणि मेहनत वाया जाते. मग सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन. बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजांना दीड ते दोन ग्रॅम लागतं, नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. रेकॉर्ड जपायची म्हणून वजन कमी ठेवणारे लोक भेटतात. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते. त्यापेक्षा सांगितलेल्या मर्यादेत थोडं जास्त वजन बरं. सुई पाचशे ते हजार तास चालते. घरी पूर्वापार चालत आलेल्या प्लेअरच्या सुईने किती तास पाहिलेत हे सहसा कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा ती बदललेली बरी.

विकत घेताना कव्हरवरच्या फोटोत अडकू नये. भद्रकालीत जुन्या सामानाच्या दुकानात असो की गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धरावी. केसासारख्या रेघा दिसल्या तरी बऱ्याचदा वाजवताना कळत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा मात्र वाजणारच, आणि दर 1.8 सेकंदांनी वाजणार, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. काळ्याचा राखाडी झालेला, चमक गेलेला भाग दिसला तर तिथे जुन्या प्लेअरच्या जड सुईने खाच खाल्लेली असते. ती कितीही धुतली तरी सुधारत नाही.

दुकानात वाजवून बघायची सोय असेल तर गाणं ऐकू नका, तानपुरा ऐका. गायक तोंड उघडण्याआधीचे ते काही क्षण रेकॉर्डची सगळी कुंडली सांगतात. षड्ज लाटेसारखा वरखाली होत असेल आणि ती लाटही 1.8 सेकंदांची असेल, तर मधलं भोक केंद्रात पडलेलं नाही. लाट अनियमित असेल तर दोष प्लेअरच्या पट्ट्याचा किंवा मोटरचा. वेग सहा टक्क्यांनी उतरला की सूर एक अख्खी पट्टी खाली येतो, काळी एकचा गायक पांढरी एकमध्ये ऐकू येतो. मग त्याचा आवाज ‘काय भारदस्त’ म्हणून वाखाणला जातो! पट्टा सैल झालाय, बाकी काही नाही. मोबाइलवरच्या ट्यूनरने षड्ज तपासायला दोन मिनिटं पुरतात.

कॅटलॉग क्रमांकही वाचावा. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो रेकॉर्ड वाजवताना अँप्लिफायरचं मोनो बटण दाबावं. मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, धूळ सुईला वरखालीही हलवते, आणि डावा-उजवा आवाज एकत्र केला की ती वरखाली हालचाल आपोआप कटून जाते. फुकटात खरखर कमी.

भज्यांचा आवाज मात्र बटणाने जात नाही. किशोरीताई भूपात एकेका स्वरावर इतक्या हळुवार उतरतात की धुळीचा कणही मध्ये बोलतो. ढोबळ गाण्याला मळकी प्रत चालून जाते, या गाण्याला स्वच्छच हवी. मग महाग पडली तरी चालेल, हे आमचं ठाम मत. धुवायचं तर तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत सुकून बसतात. लेबल झाकायला दहा सेंटिमीटर व्यासाचं झाकण पुरतं. मायक्रोफायबरचं कापड खाचांच्या दिशेनेच फिरवायचं, आडवं कधीच नाही. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने खळबळून भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी वाळवायची. हे मिश्रण फक्त विनाइलला. 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे फिरणारी जुनी तबकडी लाखेची, अल्कोहोलने ती विरघळते. तिला साधं डिस्टिल्ड वॉटर आणि लगेच कोरडं कापड.

सराफ बाजार, भांडी बाजार या भागातल्या वाड्यांतून निघालेल्या गठ्ठ्यांत कव्हरच्या खालच्या बाजूला तपकिरी रेघ दिसली तर ती गोदावरीची असू शकते, 2008 च्या पुराची. कव्हर गेलं तरी आतली रेकॉर्ड बहुधा धुऊन वाजते. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे काढलेल्या रेकॉर्डींची अवस्था त्याहून वाईट. ओल धुता येते, पण बशीसारखी वाकलेली तबकडी पुन्हा सपाट होणं कठीण. रेकॉर्डी नेहमी उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर रचून नाही.

आता बापूरावांचं थोडकेपण. दत्तात्रेय विष्णु पलुसकर 1921 साली आपल्या नाशकात जन्मले. वडील विष्णु दिगंबरांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला होता. 1944 मध्ये बापूरावांची पहिली रेकॉर्ड निघाली आणि 1955 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. म्हणजे त्यांची बहुतेक कारकीर्द 78 च्या काळातली. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. खाँसाहेबांचा विलंबित झुमरा, म्हणजे अतिसंथ ताल, यात घालायचा तर एका आवर्तनाला जवळपास मिनिट, तीन आवर्तनांत बाजू खलास. बापूरावांनी त्याच जागेत मुखडा, आलाप, बोलतान, तान सगळं नीट बसवलं आणि कुठेही घाई ऐकू येत नाही. पहिल्या समेलाच राग समोर उभा. याला थोडकं म्हणणाऱ्याने एखादा राग साडेतीन मिनिटांत गाऊन दाखवावा. आणि ‘बैजू बावरा’त (1952) या दोघांची जुगलबंदी आहेच. तिथे खाँसाहेबांनाही आटोपशीर गावं लागलं आणि ते काही कमी पडले नाहीत.

बापूरावांच्या नावावर मिळणाऱ्या एलपी त्यांच्या मागे जुळवलेल्या, म्हणून एकाच बाजूवर आवाजाचा पोत बदलत जातो. त्याचा दोष त्यांच्या गळ्याला देऊ नये. शक्य असेल तर 78 ऐकाव्यात, पण त्यांच्या सुईने. एलपीची सुई वीसेक मायक्रॉनची, 78 ची पंचाहत्तरच्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तळाचा कचरा तेवढा वाजवते.

बाकी आवडीनिवडीला सुई लागत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर पहिल्या मिनिटात थेट मुद्द्यावर येतात, म्हणून एलपीवर त्यांचं काही हुकत नाही. कुमार गंधर्वांच्या मध्य लयीच्या बंदिशींना वीस मिनिटं अगदी मापात. भीमसेनजी मात्र तापायला वेळ घेणारे, त्यांची एलपी संपते तेव्हा मैफल नुकती सुरू झालेली असते. त्यांच्यासाठी प्रत्यक्ष मैफलींची ध्वनिमुद्रणंच शोधा. यावर कुणाचं वेगळं मत असेल तर ऐकायची तयारी आहे. येताना कार्ट्रिजचं नाव घेऊन या.