नोटीस आली, सही केली

मागच्या आठवड्यात बेल वाजली. दारात पोलीस. पंचविशीचा मुलगा, काखेत फाइल. "मॅडम, सोसायटीच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन तुम्हीच ना? इथे सही करा."

सणाचे, मिरवणुकांचे दिवस. दोन धर्मांत तेढ वाढवणारा मजकूर ग्रुपवर आला तर जबाबदार मी, असं नोटिशीत. गुन्हा घडण्याआधीच पोलीस देतात त्या या ताकिदीला लोक अजून '१४९ची नोटीस' म्हणतात, खरं तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ते कलम जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात १६८ झालंय. आमच्या ग्रुपवर लिफ्ट आणि पाणी यापलीकडे काही नसतं. अधूनमधून एखाद्या काकांचं फॉरवर्ड येतं, ते मी गपचूप काढून टाकते.

माझं माहेर भिवंडी, यंत्रमागांचं गाव. १९७०ची दंगल आजीच्या तोंडून ऐकलेली, १९८४ची आठवण म्हणजे बंद खिडक्या आणि अचानक गप्प झालेले माग. आमच्या गावात शांतता असली की खडखडाट असतो. माग थांबले की समजायचं, काहीतरी बिघडलं.

१९८८ला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या बनल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून साधी माणसं घेतली, दोन्हीकडची. बाबा सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात हिशेब लिहायचे, तेही त्यात. मला वाटायचं, तिथे हिंदू-मुस्लिम ऐक्यावर भाषणं होत असतील. कसलं काय! नळावरचा नंबर, तुंबलेलं गटार, रात्री कुणाचे माग किती वाजेपर्यंत चालवायचे. बीटचे, म्हणजे आमच्या भागाचे हवालदार स्टुलावर बसून सगळं ऐकून घेत. आई वैतागायची, "पोलिसांना दुसरी कामं नाहीत का?"

६ डिसेंबर १९९२, रविवार, बाबरी मशीद पाडली तो दिवस. मी सातवीत. संध्याकाळी अफवा आली, आमच्याच गल्लीतल्या एकाला एसटी स्टँडजवळ भोसकलं. पोरं गोळा व्हायला लागली. तेव्हा समोरचे लूमवाले चाचा स्कूटर काढून गेले आणि पाऊण तासाने त्याच माणसाला मागे बसवून घेऊन आले. धडधाकट. त्याची तक्रार एकच, सिनेमा अर्धा राहिला. बाबा, चाचा आणि हवालदार त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी बसून राहिले. आईने तीनदा चहा पाठवला. मुंबईत त्या डिसेंबर-जानेवारीत ९०० माणसं गेली. भिवंडी शांत राहिली.

याचा मी देव्हारा करत नाही. २००६ला त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भडका उडाला, दोन पोलिसांना जमावाने ठार मारलं. साहेब बदलले की स्टूलही उचललं जातं, हेही पाहिलंय.

कायदा नाही असंही नाही. द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन राज्यांना आणि एप्रिल २०२३ मध्ये सगळ्यांनाच बजावलं. पण तेढ पसरवण्याच्या जुन्या कलम १५३ अ चा, म्हणजे आताच्या १९६चा खटला सरकारच्या मंजुरीशिवाय उभाच राहत नाही. माइकवर बोलणारा सरकारच्या मर्जीतला असेल तर ती मंजुरी कोण देणार? नोटीस मात्र लिफ्टवाल्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला वेळेवर पोचते.

त्या मुलाचा राग आला नाही. सही करून विचारलं, "या भागाचे बीट अंमलदार तुम्हीच का?"

"नाही मॅडम, मी फक्त नोटिसा वाटतोय."

"चहा घेता?"

तो हसला, फाइल उघडून दाखवली. अजून चौदा बिल्डिंगी बाकी होत्या.