"काम करता का?" या एका प्रश्नाबद्दल

एमएला असताना सर्वेक्षणासाठी पहिल्यांदा फिल्डवर गेले ते खटाव तालुक्यातल्या एका गावात. हातात छापील अनुसूची, म्हणजे आपण विचारून भरायचा फॉर्म, त्यातला एक प्रश्न, "तुम्ही काम करता का?" समोरच्या मावशी म्हणाल्या, "न्हाई बाई, घरीच असते." सकाळीच शेजारणीच्या रानात सावडीने (आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या, पैसे नाहीत) कांदा खुरपून आलेल्या, हाताची माती अजून गेली नव्हती, दारात दोन म्हशी आणि त्यांची धार, वैरण, शेण सगळं यांच्याच गळ्यात. मी नियमाप्रमाणे 'नाही'चा कोड टाकला. ते अजून डोक्यातून जात नाही.

नियम चुकीचा नाही हं. संरचित मुलाखतीत प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, आपल्या मनाने समजावून सांगायचं नाही, कारण मी समजावलं आणि पुढच्या गावातल्या मुलाने नाही समजावलं तर आकड्यात दिसणारा फरक गावांचा नसतो, आमचा असतो. एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, 1992-93 पासून चालू आहे, 2019-21 च्या फेरीत सहा लाखांहून जास्त घरं होती, आणि बरेचसे प्रश्न तेच ठेवलेत म्हणूनच तर इतक्या वर्षांची तुलना करता येते. मला याचं खूप मोल वाटतं.

पण प्रश्नच चुकला असेल तर तो लाखो घरांत तितक्याच शिस्तीने चुकतो! म्हणून 1991 च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच शेतावरचं, घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरा असे शब्द घातले. 2019 च्या टाइम यूज सर्व्हेने, म्हणजे लोकांचा वेळ कशात जातो ते मोजणाऱ्या सर्वेक्षणाने, तर वेगळीच वाट धरली, काल पहाटे 4 पासून आज पहाटे 4 पर्यंत काय केलं ते अर्ध्या अर्ध्या तासाने विचारलं. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष 97.

आणि आजूबाजूला कोण बसलंय तेही महत्त्वाचं, सासू शेजारी असली की उत्तर सासूचंच येतं. एनएफएचएसमध्ये मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकटीला गाठून विचारतात, एकांत मिळाला नाही तर ते प्रश्न सोडून देतात. शिवाय 'हिंसा' असा शब्द न वापरता थप्पड मारली का, ढकललं का असं सरळ विचारतात, हे मला फार पटतं.

माणूस स्वतः भरतो ती प्रश्नावली स्वस्त पडते आणि तोंडाने सांगायची लाज वाटते ते तिथे लिहिलं जातं. पण भरतं कोण? 1936 मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने कोण जिंकणार ते बघायला सुमारे 1 कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या, 23 लाखांच्या आसपास परत आल्या, अंदाज लँडन हा उमेदवार जिंकणार असा, आणि प्रत्यक्षात त्याच्यासमोरच्या रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं घेतली. पत्ते टेलिफोन, मोटारवाल्यांच्या याद्यांतले होते आणि वर ज्यांना हौस त्यांनीच उत्तरं पाठवली. आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्म फिरवून 'महाराष्ट्रातील महिला' असं प्रबंधाला नाव देतात तेव्हा मला हेच आठवतं, मावशींकडे तो फॉर्म कधी पोचणारच नाही.

मी आता फॉर्म पक्का करायच्या आधी पंधरा-वीस बायकांशी नुसतं बोलते, त्या कुठले शब्द वापरतात ते टिपून घेते, मग प्रश्न लिहिते आणि एकदा लिहिला की सगळ्यांना तसाच विचारते. "काम करता का" काढून टाकलं, त्याजागी "काल उठल्यापासून काय काय केलं?" आणि सावडीला वेगळा कोड दिला. उत्तरासाठी आठ ओळी ठेवल्या होत्या, पुरल्या नाहीत, चौदा केल्या. एकेक मुलाखत लांबते, दिवसाला आधीइतकी घरं होत नाहीत, तेव्हा पुढच्या बजेटमध्ये मी फिल्डचे दिवस वाढवून मागतेय.