इंजिन बांधून झालं, पण सकाळची थरथर काही जाईना

मे महिन्यात बुटीबोरीच्या अलीकडे रेडिएटरचा होज फाटला, आणि टेम्परेचरचा काटा वर चढलेला दिसत असूनही मी "आता पोचतोच नं" म्हणून अजून तीनेक किलोमीटर गाडी दामटली, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. हेड वाकलं, गॅस्केट उडालं, चेंबरमधे (इंजिनच्या बुडाशी तेल साठवणारं भांडं) तेल-पाण्याची कॉफी. दिवाळीनंतर पैसे जमले तेव्हा अख्खं इंजिन खोललं. बोरिंग, नवे पिस्टन-रिंग, बेअरिंग, हेड फेसिंग, टायमिंग चेन, सगळंच. गाडी जपानी, चार सिलिंडर पेट्रोल, इनटेकच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा. कंपनीचं नाव घेत नाही कारण तिचा यात काही दोष नाही, दोष कोणाचा ते येईलच पुढे.

मला गॅरेजमधे बसायची खाज आहे. मिस्त्री ओळखीचे, वडलांच्या वयाचे, त्यामुळे रविवारी जाऊन पाने देणं, बोल्ट धुणं असली कामं मी हौसेने करून राहिलो होतो. हे लक्षात ठेवा.

नोव्हेंबरभर गाडी मक्खन चालली. डिसेंबर संपता संपता नागपूरची थंडी खरी सुरू झाली, पारा ८-९ वर, आणि एका सकाळी सेल्फ मारला तर गाडी लगेच सुरू झाली, आरपीएम १४००ला गेला, आणि दोन सेकंदांत एकदम ६००वर कोसळला, परत वर, परत खाली. मधला आरसा इतका थरथरत होता की त्यात मागची गाडी एक की तीन कळेना. सायलेन्सरमधून फट... फट-फट, आणि कच्च्या पेट्रोलचा वास. पाच-सात मिनिटांनी काटा वर आला की काही झालंच नाही असं शांत. आणि खरा त्रास हा की गॅरेजला पोचेपर्यंत गाडी गरम, म्हणजे मिस्त्रींपुढे ती एकदम शहाणी. "काई तं नाई भाऊ, मस्त चालून राहिली गाडी," हे मी तीन वेळा ऐकलं.

शेवटी एका रात्री गाडी त्यांच्याकडेच सोडली आणि सकाळी साडेसहाला दोघं स्वेटर-मफलर घालून बॉनेटपाशी उभे राहिलो. सेल्फ मारला आणि मिस्त्रींचं तोंड बघण्यासारखं झालं.

पहिला संशय हवेवर. मॅनिफोल्ड उतरवून बसवलेलं असलं की कुठेतरी गॅस्केटमधून हवा खेचत असेल असं कोणालाही वाटेल. दुसऱ्या दिवशी घरी मी अगरबत्ती पेटवून मॅनिफोल्डच्या जॉइंटभोवती फिरवली, धूर आत ओढला जातो का बघायला. आई गॅलरीतून म्हणाली, "काय रे, गाडीची आरती करून राहिला का?" (पेट्रोलच्या पाइपजवळ पेटती अगरबत्ती नेणं हा शुद्ध भैताडपणा आहे, कोणी करू नका.) धूर सरळ वर गेला, लीक नाही. मग थ्रॉटल बॉडी साफ केली. प्लग बघितले, चारही थोडे काळे पण सारखेच. कॉइल इकडच्या तिकडे करून पाहिल्या, फरक शून्य. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १८०च्या वर, म्हणजे बोरिंगवाल्याने काम चोख केलंय.

यात दहा दिवस गेले. आणि इथे मला स्वतःवरच राग येतो, कारण माझ्याकडे साधा ब्लूटूथवाला स्कॅनर होता, पण चेक इंजिनची लाइट लागली नाही म्हणजे स्कॅनरमधे काय मिळणार असं मी धरून बसलो होतो. अहो, बरेचसे कोड लाइट पेटवायच्या आधी एक-दोन वेळा नुसते पेंडिंगमधे पडून असतात! लावला एकदाचा, तर पेंडिंगमधे पी००११. म्हणजे इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे. पोटात गोळाच आला, वाटलं चेन एक दात चुकली, आता परत टायमिंग कव्हर खोला.

पण मग लाइव्ह डेटा बघितला. थंड इंजिनवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मागतोय ० डिग्री, आणि कॅम प्रत्यक्षात १६ डिग्री पुढे! जसजसं इंजिन गरम होत गेलं तसतसं १६चे ११, ११चे ६, आणि काटा मधोमध आला तेव्हा २. चेनचा दात चुकला असता तर फरक थंड-गरम दोन्हीत तसाच राहिला असता, आणि बहुतेक पी००१६ आला असता, क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही म्हणून. तरी मनाच्या समाधानासाठी टॅपेट कव्हर काढून पहिला पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) आणून खुणा जुळवल्या. जुळत होत्या. चेन मिस्त्रींनी बरोबरच बसवली होती.

आता थोडं या व्हीव्हीटीबद्दल, कारण मी इतकी वर्षं याला इलेक्ट्रॉनिक भानगड समजत होतो. नाहीये. आहे ती तेलावर चालणारी गोष्ट. कॅमच्या तोंडावरच्या गिअरच्या पोटात पाकळ्या आणि तेलाचे कप्पे असतात, एका बाजूने दाब आला की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूने आला की मागे. तेल कुठे पाठवायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो, बोटभर लांब वस्तू, आत एक सळई मागेपुढे सरकते. आयडलला कॅम पूर्ण मागे पाहिजे, आणि गाडी बंद होताना तो मागे येऊन एक पिन खटकन बसते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरू करताना, तेलाचा दाब यायच्या आधी, कॅम हलायला नको. माझा कॅम परत घरी येतच नव्हता. रात्रभर पिन न बसताच झोपलेला. कॅम पुढे म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडणार, एक्झॉस्ट अजून बंद व्हायचाय, त्यामुळे जळलेला वायू परत आत घुसतो. गरम इंजिन ते कसंबसं पचवतं, पण थंडीत पेट्रोलची वाफच नीट होत नाही, त्यात हा जुना धूर मिसळला की मिसिंग होणारच.

व्हॉल्व्हचा कपलर काढून बघितला, थरथर तशीच. म्हणजे वायरिंग किंवा ईसीयू नाही, सळईच कुठेतरी अडकलीय. मीटरवर रेझिस्टन्स ७.३ ओहम, मॅन्युअलप्रमाणे ६.९ ते ७.९ पाहिजे, म्हणजे कॉइल जिवंत. दहाचा एक बोल्ट काढला आणि व्हॉल्व्ह हळूच पिळून बाहेर ओढला.

बाप्पा! जाळीवर राखाडी रंगाचे तुकडे, एकदम पोह्यावरच्या बारीक शेवेसारखे. बॅटरीवरून क्षणभर १२ व्होल्ट दिले तर सळई अर्ध्यात जाऊन थांबली, काढून घेतले तर परत यायला आळस. कार्बोरेटर क्लीनर मारत चार-पाच वेळा टकटक केलं तेव्हा एका खाचेतून केसाएवढा बारीक धागा निघाला. बोटावर घेऊन ताणला तर रबरासारखा ताणला गेला.

सिलिकॉन.

म्हणजे तेल गळू नये म्हणून जॉइंटला लावतात तो लेप. आणि ते सिलिकॉन टायमिंग कव्हरला कोणी लावलं होतं? मी. त्या रविवारी मिस्त्री दुसऱ्या गाडीत अडकले होते, मी म्हटलं द्या मी लावतो. ते म्हणाले होते पातळ लावा, आणि मी "गळायला नको" म्हणून पोळीला तूप लावल्यासारखं सढळ हाताने लावलं. कव्हर आवळलं की जास्तीचं बाहेर येतं ते आपण बोटाने पुसतो, पण तेवढंच आतही येतं नं, ते कोण पुसणार? वर अर्ध्या तासात तेल ओतलं, वाळायलाही वेळ दिला नाही. मिस्त्रींना तो धागा दाखवला तर फक्त एवढं म्हणाले, "तुमाले सांगतलं होतं नं भाऊ, पातळ लावा म्हणून." आणि चहा मागवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पण एक भांडण मी जिंकलो. इंजिन बांधल्यावर मिस्त्रींनी २०डब्ल्यू-५० हे जाड तेल टाकलं होतं, "नागपूरचं ऊन पाहा नं, पातळ तेल टिकते का?" उन्हाचं खरं आहे, आपल्याकडे मे महिन्यात ४५ म्हणजे काही बातमी नाही. पण आतलं तेल ऊन बघत नाही, इंजिनचं तापमान बघतं, ते मे आणि जानेवारी दोन्हीत जवळपास सारखंच. फरक पडतो तो सकाळी, आणि ४० डिग्रीलासुद्धा हे तेल ५डब्ल्यू-३०पेक्षा अडीच पट घट्ट असतं, तर ८ डिग्रीला काय होत असेल. शिवाय थंडीत एवढं जाड तेल फिल्टरमधून नीट जात नाही, मग फिल्टरचा बायपास उघडू शकतो आणि तेल न गाळताच पुढे. माझी शेव तिथूनच व्हॉल्व्हपर्यंत पोचली असणार, असा माझा अंदाज. मॅन्युअलमधे ५डब्ल्यू-३० लिहिलंय, तेच टाकलं. मिस्त्री अजून मान हलवतात, पण टाकू दिलं.

त्याआधी चेंबर उतरवून स्ट्रेनर (तेल गाळणारी जाळी) साफ केला, तिथेही सात-आठ तुकडे होते, आणि टॉर्च मारून कव्हरच्या आतल्या कडेला लोंबणारं सिलिकॉन चिमट्याने ओढून काढलं. जिथवर हात पोचला तिथवर. वरच्या बाजूचं अजून तसंच असेल. घाट रोडच्या दुकानात नवीन व्हॉल्व्हचा भाव साडेचार हजार सांगितला, म्हणून जुनाच साफ करून नव्या ओरिंगने बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, मोबाइलवर ९ डिग्री, सेल्फ मारला. १४००, मग हळूहळू १२००, आणि तिथेच. स्कॅनरवर मागणी ०, कॅम ०. आरसा स्थिर. सुरू होताना एक सेकंद चेनचा खर्र आवाज येतो, तो आधी थरथरीत ऐकूच येत नव्हता, चेन ताणून धरणारा टेन्शनर असेल कदाचित, बघू.

काढलेलं तेल मी घरच्या चहाच्या गाळणीतून गाळलं होतं, किती तुकडे निघतात ते बघायला. आईने ती गाळणी तशीच फेकून दिली आणि मला नवीन आणायला लावली. मी दोन आणल्या. काल ५०० किलोमीटर झाले, तेल परत गाळलं, अजून तीन तुकडे निघाले.